अक्षताच्या डब्याचा वाटेकरी

मित्रांनो, मी एक म्हातारा कुत्रा आहे. आष्टीच्या एका शाळेमागं माझा जन्म झाला. पोरांनी टाकलेल्या तुकड्यांवर मी वाढलो, पण मला नाव कुणी ठेवलं नव्हतं. ते अक्षतानं ठेवलं, भुऱ्या.

ती नववीत गेली, त्या वर्षी मधल्या सुट्टीत एकटीच भिंतीआड येऊ लागली. सगळा डबा माझ्यापुढं ओतायची आणि मला कुरवाळायची.

"खा रे भुऱ्या. तूच माझा दोस्त."

एवढी माया मला जन्मात कुणी लावली नव्हती. माझं अंग भरलं. ती मात्र वाळत चालली होती, भर उन्हात स्वेटर घालायची. मला वाटे, माणसांचं असंच असेल.

एकदा ती डबा घरी विसरली. तो घेऊन तिची आई बेबीनंदा शाळेत आली. डबा दिसताच मी शेपूट हलवत पुढ्यात जाऊन बसलो.

"हे कुत्रं डब्याकडं असं काऊन बघून राह्यलंय?" आईनं विचारलं.

"मला न्हाई माहीत!" असं म्हणून अक्षतानं दगड उचलला आणि माझ्या पायावर हाणला.

मी केकाटलो. तिची मैत्रीण प्रीती रडवेली झाली. "काकू, ही रोज त्यालाच चारती. एका लग्नात हिला कुणी जाडी म्हणलं ना, तवापासून."

आईनं स्वेटरची बाही वर केली. आत नुसती हाडं. "मला तर म्हणायचीस, सगळं खाल्लं!" असं म्हणून तिनं अक्षताला जवळ ओढलं.

पुढं अक्षताला जालन्याला दवाखान्यात नेलं. नंतर बेबीनंदा फाटकापाशी शाळेच्या बाईंना सांगत होती, "डॉक्टरीणबाई म्हणल्या, हे नखरे न्हाईत, आजार हाय. जल्दी आणलं म्हणून बरं. रागवायचं न्हाई, संगं बसून खाऊ घालायचं."

आता आई रोज येते. अक्षता रडत रडत का होईना, चार घास खाते. तिच्या गालांवर रंग येऊ लागलाय. माझ्याकडं ती बघतसुद्धा नाही. ती माया होती की नुसती डबा रिकामा करायची सोय, मला अजून कळलेलं नाही. पाय दुखतो, तेव्हा फार राग येतो.

तरी मित्रांनो, तुमच्यातलं कुणी जेवण लपवत असेल, तर त्याला चिडवू नका आणि गप्पही बसू नका. लगेच मोठ्या माणसाला सांगा. मी शेपटीच हलवू शकत होतो. तुम्हाला बोलता येतं.