माझा हात चार बोटं खाली का आला

थांबा. आधी चपला काढा, टाचा टेकवा, मान सरळ ठेवा. हं, आता ऐका. मी उंची मोजणारा जोकर बोलतोय.

लातूरहून नांदेडला जाताना लोहा यायच्या थोडं आधी रस्त्याकडेला फायबरचा एक खोटा बुरूज दिसतो. त्याच्या आत गंमतगड नावाचं थीम पार्क आहे. तिथल्या ड्रॅगनगाडीच्या दारात मी सात वर्षं उजवा हात आडवा धरून उभा होतो. माझ्या पोटावर लिहिलं होतं, 'माझ्या हातापेक्षा उंच असाल तरच आत या.' एवढं एकच वाक्य. पण ते पाळताना माणसं किती खालच्या पातळीला जातात, ते मी जवळून पाहिलंय.

माझा जन्म कंधारचा. तिथल्या किल्ल्याच्या दरवाजासाठी म्हणून राखून ठेवलेल्या सागवानातून मला कापलं. हणमंत सुतार मात्र येईल त्याला सांगायचा, "बारा एमएमचा प्लाय हाय, दुसरं काय?" बिचारा साधा माणूस, मला दृष्ट लागू नये म्हणून खोटं बोलायचा.

कंधारहून मला आणलं ते धर्माबादच्या मिरचीच्या टेम्पोत, पोत्यांवर आडवं टाकून. ड्रायव्हर रस्ताभर शिंकत होता. त्याच्या एकेका शिंकेला टेम्पो एकेक गाव पुढं जायचा, डिझेल लागलंच नाही. माझं नाक रंगवायचं राहिलं होतं, ते उतरेपर्यंत आपोआप लाल झालं. पटत नसेल तर सोडून द्या. पुढं जे सांगणार आहे ते याच्यापेक्षा अवघड आहे पटायला, आणि ते खरं आहे.

गंमतगडाच्या तिकीट खिडकीवर पाटी होती, तीन फुटांच्या आतल्या मुलांना तिकीट नाही. माझा हातही बरोबर तीन फुटांवर. त्यामुळं काय व्हायचं, खिडकीपाशी आई पोराच्या डोक्यावर हात दाबून सांगायची, "वाक जरासं, गुडघ्यात वाक." तेच पोर वीस पावलं चालून माझ्यापाशी आलं की तीच आई म्हणायची, "ताठ उभा राहा की रे, काय बुटक्यासारखा करून राहिलास!" वीस पावलांत पोर चार इंच वाढायचं. कुणी केसांचा कोंबडा करून आणायचं, कुणी पोराच्या बुटात रुमाल कोंबायचं. एका मास्तरांनी तर पोराला पाण्याच्या बाटलीवर उभं केलं आणि माझ्याकडं बघून डोळा मारला. मास्तर होते, म्हणून जास्त काही बोलत नाही.

आणि हे सगळं कशासाठी, तर ड्रॅगनगाडीसाठी. सहा डबे, पुढं एक हिरवं तोंड. पण ती वळणावर असा हिसका द्यायची की मोठ्या माणसाच्या खिशातला कंगवा उडायचा. वळणाखालच्या खड्ड्यात व्यंकटला, म्हणजे गाडी चालवणाऱ्याला, दर रविवारी दोन-चार चष्मे सापडायचे. एकदा वरच्या दातांची अख्खी कवळी सापडली. ती न्यायला कुणी आलं नाही. यायचं म्हणजे तोंड उघडावं लागणार.

आता त्या रविवारचं सांगतो. मे महिना. ऊन असं की माझा रंग कडेनं सुटायला लागलेला. रांगेत एक कुटुंब आलं. पुढं रुद्रेश, हातात काठीला लावलेला फोन. मागं त्याची आई केवळाबाई, किल्लारीकडची, आवाज खणखणीत. तिच्यामागं रुद्रेशची बायको दिपाली. एवढ्या उन्हात तिच्या पायात लोकरी मोजे, कानाला घट्ट बांधलेला मरून स्कार्फ, आणि हातात एक गाठोडं.

गाठोडं हललं तेव्हा मला कळलं, ते लेकरू आहे.

"केवढी हो ही?" मागच्या बाईनं विचारलं.

"आज एकेचाळिसावा दिस," केवळाबाई म्हणाली. "मृण्मयी नाव ठेवलंय. चाळीस दिस लई कडक पाळलं बघा मी. खिडकी उघडू दिली न्हाई, पंखा लावू दिला न्हाई. येणाऱ्याला दारात पाय धुवायला लावायची, मग शेपा-ओव्याच्या धुरीवरून आत. शेजारीण शिंकली तर तिला जिन्यातनंच परत लावली. आन लेकरू अंगावर पीत असलं की कुणी बोलायचं न्हाई, त्याला उचलायचं न्हाई, गड्यानं तिकडं बघायचं बी न्हाई. माझ्या घरात ह्यो नियम मोडायची कुणाची टाप न्हाई."

"आणि आज इथं?"

"पासाची मुदत आजच संपते ना ओ! कूलरच्या दुकानात नंबर लागला आमच्या रुद्रेशचा. चार माणसांचा पास हाय."

चार माणसं. चौथं माणूस एकेचाळीस दिवसांचं. चाळीस दिवस जिला शेजारणीची शिंक लागू दिली नाही, तिला चाळीस दिवस संपल्या संपल्या तीनशे घामट माणसांच्या रांगेत आणून उभं केलं. मी जोकर आहे, हसणं माझ्या चेहऱ्यावर रंगवलेलंच आहे. पण त्या दिवशी ते हसू मला जड झालं.

बाळीला जाळीचा टोचरा फ्रॉक घातलेला. डोक्याला डोक्याहून मोठं फूल. डोळ्यांवर गॉगल. आणि दृष्ट लागू नये म्हणून गालाला तीट. म्हणजे दृष्टीची काळजी होती, उन्हाची नव्हती.

दिपालीनं व्यंकटला विचारलं, "दादा, लेकराला पाजायला खोली हाय म्हणून पाटी दिसली."

"पाटी हाय ताई. खोलीत कोल्ड्रिंकच्या क्रेटा ठिवल्यात."

"मग बसायला कुठं तरी? टाक्याचं दुखून राहिलंय."

"गाडीत बसा की," व्यंकट म्हणाला. तो वाईट माणूस नव्हता. त्याला खरंच वाटलं की आपण सोय केली.

त्यांचा नंबर आला. व्यंकटनं माझ्याकडं बोट केलं. "लेकरू चालणार न्हाई सायेब. हाताखाली हाय."

रुद्रेशनं माझं पोट वाचलं. मग त्यानं जे केलं ते सात वर्षांत कुणी केलं नव्हतं, मास्तरांनीही नाही. त्यानं दिपालीच्या हातातनं बाळी घेतली आणि माझ्या हाताच्या वर उचलून धरली.

"हे बघ. हातापेक्षा उंच हाय का न्हाई?"

बाळीचं डोकं एका बाजूला कललं. गॉगल नाकावरून घसरला. दिपालीनं पटकन खालून मानेला तळवा लावला.

व्यंकट डोकं खाजवायला लागला. "तसं बघितलं तर उंचच हाय. पण..."

"पण काय? लेकरू जमिनीवर उभं पाहिजे असं कुठं लिहिलंय?"

व्यंकटनं माझं पोट दोनदा वाचलं. नव्हतं लिहिलेलं. हणमंतानं रंगाचा ब्रश धरला तेव्हा माणसाला थोडी अक्कल असते असं गृहीत धरलं होतं. एवढी एकच चूक केली त्यानं.

"जगातली सगळ्यात लहान ड्रॅगनवाली!" रुद्रेश फोनकडं बघून बोलायला लागला. "फक्त एकेचाळीस दिवसांची! आमची मृण्मयी!"

"अहो," दिपाली हळूच म्हणाली, "तिनं मान धरली न्हाई अजून."

"मी धरतो की मान. दोन मिनिटांचं तर काम हाय."

"एका हातात फोन, एका हातात गाडीची दांडी. मान कोणत्या हातानं धरता?"

"तू उगं खोडा घालू नको," केवळाबाई म्हणाली. "हौस असते लेकराला."

"कोणत्या लेकराला, आत्या?"

रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. रुद्रेश लाल झाला आणि हट्टाला पेटला. त्यानं साखळी काढली, एक पाय डब्यात टाकला. मागं ते हिसक्याचं वळण होतं. मला त्या खड्ड्यातले चष्मे दिसत होते, कवळी दिसत होती. आणि काठीवर ठेवलेल्या फुलासारखी कलणारी ती मान.

आता तुम्ही म्हणाल, मी काय केलं. पार्कातला पेंग्विनच्या तोंडाचा कचऱ्याचा डबा आणि मिकीचं कारंजं, यांना मी सांगितलंय की मी हात उगारला आणि रुद्रेशच्या टाळक्यात ठेवून दिला. त्यांना ते पटलं. तुम्हाला खरं सांगतो. मी काहीच केलं नाही. मला हलता येत नाही.

केलं ते दिपालीनं.

"द्या इकडं एकदा," ती म्हणाली. "लाळ आलीय. फोटोत वाईट दिसंल."

फोटोचं नाव काढल्याबरोबर त्यानं बाळी दिली. ती घेऊन दिपाली माझ्या पायाशी बसली. दाराच्या बरोबर मधोमध. कानाचा स्कार्फ सोडला, माझ्या आडव्या हातावर टाकला, त्याचं टोक गुडघ्याखाली दाबलं. पडदा झाला. गॉगल बाहेर आला, मग फूल आलं, मग तो जाळीचा फ्रॉक आला. आणि पडद्याआडून चुटुक चुटुक आवाज यायला लागला.

"ए, आता? इथं?" रुद्रेश डब्यातला पाय तसाच ठेवून म्हणाला.

"तिला भूक लागलीय. खोलीत क्रेटा हायत म्हणे."

"गाडी सुटंल ना! दे इकडं, नंतर पाज." त्यानं पडद्याला हात घातला.

"ए रुद्र्या!" केवळाबाई अशी ओरडली की माझा एक खिळा ढिला झाला. "मागं हो! लेकरू अंगावर हाय, दिसत न्हाई का? लाज न्हाई वाटत?"

"अगं आई, तूच तर..."

"मी काय? लेकरू पिताना उचलते का कुणी? तोंड कर तिकडं!"

स्वतः केलेला नियम, तीनशे माणसांत वाजवून सांगितलेला. मोडणार कसा? केवळाबाई पदर पसरून माझ्या डाव्या अंगाला उभी राहिली. मागची बाई उजव्या अंगाला आली. रांगेतल्या आणखी दोघीतिघी आल्या. गडी माणसं आपापली तोंडं भिंतीकडं करून उभी राहिली. ड्रॅगनगाडी रिकामी उभी, हिरवं तोंड वासून.

व्यंकटच्या कमरेचा वॉकीटॉकी खरखरला. पार्काचे मालक शेषेराव बोलत होते. "ड्रॅगनची लाईन का थांबली?"

"पाजणं चालू हाय सायेब."

पलीकडं शेषेरावांनी घसा खाकरला. मग, "अजून किती वेळ?"

"ते कुणाला विचारू सायेब?"

वॉकीटॉकी बंद झाला.

आता एक गोष्ट फक्त मला माहीत आहे. पडद्याच्या आत माझे पाय होते ना. बाळी दहा मिनिटांत पिऊन झोपली. तोंड उघडं, दुधाचा एक थेंब हनुवटीवर. तरी दिपाली उठली नाही. तिनं माझ्या पोटाला पाठ टेकली, डोळे मिटले, आणि तशीच बसून राहिली. मोजे काढून पायाची बोटं जरा हलवली. बाहेर केवळाबाई दटावत होती, "हळू बोला रे, लेकरू पिऊन राहिलंय." आत दोघीही झोपल्यासारख्या. पासाची वेळ चारला संपत होती. चारची शिट्टी झाली तेव्हाच दिपालीनं डोळे उघडले.

सात वर्षांत मी पुष्कळ थापा ऐकल्या, मारल्याही. पण इतकी शांत थाप दुसरी पाहिली नाही. मी कुणाला सांगितलं नाही. आज पहिल्यांदा सांगतोय.

उठताना तिला टाक्याची कळ आली. एका हातात बाळी. दुसऱ्या हातानं तिनं माझा हात धरला आणि सगळा भार टाकून उठली. माझ्या खांद्यात काडकन वाजलं. खिळा आधीच ढिला होता, हात चार बोटं खाली आला.

"अगं कान बांध!" केवळाबाई म्हणाली. "वारं शिरंल कानात."

"शिरू द्या, आत्या," दिपाली म्हणाली. "चाळीस दिस कोंडलेत ते." आणि स्कार्फ माझ्या हातावर तसाच सोडून ती फाटकाकडं चालायला लागली. तिच्यामागं केवळाबाई, मोजे हातात घेऊन. सगळ्यात मागं रुद्रेश. त्याच्या फोनात त्या दिवसाचं एकच चित्र धड उतरलं होतं, माझं लाल नाक आणि खाली लोंबणारा स्कार्फ.

पुढचं थोडक्यात. हात चार बोटं खाली आल्यानं तीन रविवार बुटकी पोरं सुखानं आत जात राहिली. चौथ्या रविवारी शेषेरावांनी टेप लावली आणि मला उपटायला लावलं. पोरांच्या जिवाचा प्रश्न होता, त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. आता मी पार्कातल्या पाण्याच्या टाकीच्या मागं भिंतीला टेकून आहे. टाकी गळते. पाण्यानं माझे थर एकेक सुटायला लागलेत. सागवानाला थर नसतात. तेव्हा हणमंत खरंच बोलत होता म्हणायचं.

माझ्या अंगावर कोल्ड्रिंकच्या क्रेटा रचल्यात. व्यंकटनं त्या पाजायच्या खोलीतून काढून इथं आणल्या. दयेनं नव्हे हो, परत लाईन थांबू नये म्हणून. पण खोली रिकामी झाली.

तरी माणसं सुधारत नाहीत. कालच भिंतीपलीकडून आवाज आला, "अहो, महिन्याचं तर हाय, मांडीवर घेऊन बसतो की!" म्हणून सांगतो. लेकराला आधी मान धरू द्या. त्याला तुमचा ड्रॅगन दिसत नाही, तुमचा बुरूज दिसत नाही, त्याला फक्त आईचा चेहरा दिसतो, तोही जवळून. हौस तुमची आहे, तर तुम्ही या, एकटे या, पोटभर हिसके खा आणि कवळी सांभाळा. बाळंतिणीला घरी राहू द्या. आणि तेवढा पंखा लावा.

माझ्या जागी आता स्टीलचा खांब आलाय. चकचकीत आहे, त्यावर आकडे आहेत, आणि लेकरू जमिनीवर उभं पाहिजे असंही आता त्यावर लिहिलंय. फक्त त्याला हात नाही. परवा एक बाळंतीण त्याच्या पायाशी बसली होती म्हणे. उठताना तिनं वर हात केला, आणि धरायला काहीच नव्हतं.