रामलिंगच्या गाडीचा नवा फिल्टर

रामलिंग गुरवाच्या गाडीनं लेकीच्या लग्नादिवशी सकाळीच त्याच्या छातीतली फुंक ओढून घेतली. थोडीथोडकी नव्हे, सगळी. श्वास चालू होता, बोलता येत होतं. बशीतला चहा गार करायला गेला, तेवढं मात्र जमेना. बायकोनं बशी आपल्याकडे घेतली, फुंकून परत दिली.

"तरी सांगत होते, लगीन होईस्तोवर गाडीला हात लावू नका."

पण ऐकेल तो रामलिंग कसला! शंभर सीसीची जुनी गाडी. मागे सनईच्या साथीचा संबळवाला बसला की घाटात धापा टाकायची. आणि लग्न घाटावरच्या गावात, नवऱ्याच्या दारात. वैजूनं बापाला बजावलेलं, "आप्पा, माझ्या बारशाला वाजवलेली धून तुमच्या सनईवर वाजल्याबिगर मी माळ घालायची न्हाई. बँडबिंड चालणार न्हाई." एकुलती एक पोर, तिचा शब्द कोण मोडणार? म्हणून आदल्या दिवशी तो दस्तगीरच्या गॅरेजात गेला होता. दस्तगीरनं हवेच्या फिल्टरचा जुना डबा काढून टाकला आणि जाळीचा नवा फिल्टर थेट कार्बोरेटरच्या तोंडावर आवळला.

"आता भरपूर हवा ओढंल, मामा. पण पेट्रोल सोडायचा जेट मोठा टाकाय पायजे. न्हाईतर पेट्रोल कमी पडंल आणि मिळंल ते ओढत बसंल."

"जेट लग्नानंतर टाकू. घाई हाय."

"मग तिच्या तोंडापुढं कुणी हुबारू नका," दस्तगीर म्हणाला, रंग ओला आहे म्हणावं तसं. आणि रामलिंग सकाळी नेमका तिथंच वाकला, फिल्टरवरची धूळ फुंकायला. घ्या!

तो गाडी ढकलत परत दस्तगीरकडे गेला. दस्तगीरनं फिल्टर काढून झटकला. कंडक्टरची शिट्टी निघाली, एका फुग्यातली हवा निघाली, शेजारच्या म्हातारीची जांभई निघाली. फुंक काही निघाली नाही.

"लई आत गेली म्हणायची."

"मग जुना डबा बसीव."

"डबा भंगारवाल्यानं नेला की."

मुहूर्त तर थांबणार नव्हता. संबळवाल्याला मागे घेऊन रामलिंग निघाला. गाडी अशी पळाली की बघत राहावं. घाटातली वळणं तिनं एकेक करून आत ओढली, घाट सरळ झाला आणि मग आखूड. मागून येणाऱ्या एसटीला त्या दिवशी घाट लागलाच नाही. ड्रायव्हरनं त्याची तक्रार केली नाही.

मांडवात मंगलाष्टकं संपली. अंतरपाट खाली आला. वैजू हातात माळ घेऊन उभी राहिली आणि बापाकडे बघू लागली. रामलिंगनं सनई ओठाला लावली. गाल फुगले, पण सनईतून हूं नाही की चूं नाही.

"गुरव, वेळ टळतीय," व्याही म्हणाले.

"आप्पा?" वैजू म्हणाली. तिचे हात खांद्याएवढे वर आलेले, तिथंच थांबलेले.

रामलिंगला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जन्मभर सनई वाजवत लोकांच्या पोरी सासरी पाठवल्या आणि स्वतःच्या पोरीला एक सूर देता येऊ नये! त्यानं गाडी मांडवात आणली. सनईची जिभळी फिल्टरच्या तोंडाला लावली, दोन्ही हातांची बोटं भोकांवर ठेवली आणि संबळवाल्याला म्हणाला, "मार किक."

सनई वाजली. आतल्या बाजूला वाजली. धून बारशाचीच होती, फुंकही त्याचीच होती. फक्त ती शेवटाकडून सुरुवातीकडे येत होती. लोकांनी माना डोलावल्या. अक्षता टाकल्या, त्या अर्ध्या वाटेत वळून गाडीकडे गेल्या. नवऱ्याच्या बाशिंगाचे मणी गेले. मग वैजूचा पदर गाडीच्या दिशेनं ताठ झाला, आणि ती उभ्या उभ्या पाटावरून घसरून एक पाऊल बापाकडे आली.

"वैजे, तू इकडं याय लागलीस."

"येऊ द्या. माळ पडंस्तोवर बंद करू नका."

नवऱ्यानं मान पुढे केली. माळ टेकायला वीतभर अंतर राहिलं, मग हातभर. धून मागे मागे चालली, तशा वैजूच्या हातातल्या हिरव्या बांगड्या सैल झाल्या आणि एकेक करून मनगटावरून निसटल्या. शालू पायात घोळू लागला. माळ तिच्या गुडघ्यांपर्यंत येत होती, आता जमिनीला टेकली.

"मामा, बंद करू?" संबळवाला ओरडला.

रामलिंगला धून कुठं सुरू होते ते ठाऊक होतं, बारशाच्या पाळण्यापाशी. तिथवर यायला थोडीच राहिली होती. हात काढला तर सूर तुटणार होता. नाही काढला तर पोरीला धरायला हात नव्हता.

वैजू त्याच्या पायाशी येऊन थांबली आणि तिनं माळेसकट दोन्ही हात वर केले.