पाणी कुठे जात होतं

मित्रांनो, मी एक जुनी मोटार आहे. आता मला चाकं नाहीत आणि दिव्यांच्या जागी नुसती दोन भोकं आहेत. पण सांगते ती गोष्ट एकोणीसशे ब्याऐंशी सालची. तेव्हा मी चालती होते आणि एका घराची लाडकीही.

त्या घरात मला आणलं दोघा भावांच्या वडिलांनी. त्यांचं घड्याळांचं आणि चष्म्यांचं दुकान होतं. ते गेले आणि दोघा मुलांचं दुकानावरून बिनसलं. मधोमध भिंत घातली गेली. एका बाजूला थोरला घड्याळं दुरुस्त करू लागला, दुसऱ्या बाजूला धाकटा चष्मे विकू लागला. बोलणं बंद! मला मात्र मधून चिरता येईना, म्हणून मी एक दिवस थोरल्याची, एक दिवस धाकट्याची.

"आई, सांग त्याला, टायरमध्ये हवा भर म्हणावं," थोरला म्हणे, आणि धाकटा दोन हातांच्या अंतरावरच उभा असे.

"त्याला कान आहेत रे! मी काय तुमची टपालवाली आहे?" आई करवादे.

त्या वर्षी आईचं हृदय थकलं. मोठं हॉस्पिटल टेकडीपलीकडच्या शहरात होतं आणि तिला तिथे न्यायला माझ्याशिवाय वाहन नव्हतं.

नेमकं तेव्हाच माझ्या पोटात बिघडलं. इंजिनाला गार ठेवणारं पाणी आणि वंगण देणारं तेल यांच्या वाटा वेगळ्या असतात. त्यांना वेगळं ठेवणारा पातळ पडदा, म्हणजे गॅस्केट, एका जागी फाटला आणि पाणी थेंबाथेंबानं तेलात उतरू लागलं. मला कळत होतं, पण सांगणार कशी?

थोरल्याला तेलाच्या झाकणाखाली पांढरट फेस दिसे. घड्याळजीच तो, त्याला डाग खपत नसे. "थंडीचं दव धरलंय," असं पुटपुटत तो मऊ फडक्यानं झाकण लख्ख पुसून ठेवी. धाकट्याला रेडिएटरमधलं पाणी कमी दिसे. खाली जमीन तर कोरडी. तो कुंडीतल्या झाडाला घालावं तसं मुकाट्यानं पाणी घाली आणि निघे.

माझा आवाज बदललेला ओळखला आईनं. तिच्या हट्टापायी फिटर आला, तो दिवस थोरल्याचा होता. झाकण स्वच्छ होतं. पाणी काठोकाठ होतं. तेल मळकट वाटलं म्हणून थोरल्यानं त्याच सकाळी बदललं होतं, त्यामुळे तेल तपासायच्या पट्टीवरही काही दिसेना.

"मधूनमधून पाणी घालावं लागतं का हो?"

"छे! मी थेंबही घातलेला नाही."

"धाकट्यांना विचारू?"

"त्याचं नाव काढू नका माझ्यापुढे. गाडी मी सांभाळतो, तो नुसती फिरवतो."

फिटर मान हलवून निघून गेला.

काही आठवड्यांनी भर दुपारी आईच्या छातीत कळ आली. तिचं डोकं मांडीवर घेऊन थोरला मागे बसला आणि धाकट्यानं मला टेकडीवर घातलं. माझं तेल तोवर दुधाच्या कॉफीसारखं झालं होतं. वंगण उरलंच नव्हतं. चढावर लोखंड लोखंडावर घासलं, एक मोठा ठोका पडला आणि मी जागीच आखडले.

"अरे, एकमेकांना विचारा तरी," आई कशीबशी म्हणाली, "काय झालंय हिला."

दुसरी गाडी थांबेपर्यंत आई गेली होती.

पुढे फिटरनं माझ्या इंजिनाचा वरचा भाग, म्हणजे हेड, उतरवला. दोघे भाऊ समोर उभे होते.

"पाणी कोण घालत होतं?"

"मी," धाकटा म्हणाला.

"आणि झाकण कोण पुसत होतं?"

"मी," थोरला म्हणाला.

फिटरनं काळे हात पुसले. "या दोन गोष्टी मला त्या दिवशी एकत्र कळल्या असत्या, तर पाणी कुठे जातंय ते उभ्या उभ्या सांगितलं असतं."

थोरल्याचे हात नंतर कापू लागले. बारीक काम जमेना, म्हणून तो मुलीकडे राहायला गेला आणि तिथेच वारला. धाकटा अजून चष्मे विकतो, पण मोटार त्यानं पुन्हा घेतली नाही. फिटर म्हातारा झाला आहे. गाडी आली, की बॉनेट उघडण्याआधी तो घरातल्या प्रत्येकाला वेगळं बोलावून विचारतो. गिऱ्हाइकं हसतात. मी त्याच्याच गॅरेजमागे गंजत पडले आहे.

मित्रांनो, घरच्या गाडीचं पाणी कमी झालं, तर नुसतं भरू नका. फेस दिसला, तर नुसता पुसू नका. घरात सांगा. आणि ज्याच्याशी अबोला असेल, त्याला सगळ्यांच्या आधी सांगा.