दारापर्यंत पोचलेला प्लाझ्मा

मी बोलतोय तो इस्पितळातल्या कचऱ्याच्या डब्यातून. मी प्लाझ्मा, रक्तातला. रक्तातल्या पेशी बाजूला काढल्या की जो पिवळसर द्रव उरतो, तो मी. वाहणारं रक्त थांबवायला मदत करायची, हे माझं एक मोठं काम.

मला दिलं एका शाळेतल्या बाईंनी. रक्त देताना त्यांनी डोळे गच्च मिटले होते. सुई निघाल्यावर म्हणाल्या, "एवढंच?" मग यंत्राने गरगर फिरवून लाल पेशींची आणि माझी ताटातूट केली. त्यानंतर मी एका पिशवीत, फ्रीझरमध्ये दगडासारखा पडून होतो.

आज बोलावणं आलं. एका बाळंतिणीचं रक्त थांबत नव्हतं. रक्तपेढीतल्या ताईंनी मला कोमट पाण्यात सावकाश वितळवलं, बर्फाच्या डब्यात ठेवलं. न्यायला तिचा नवरा आला. तो कारखान्यात लोखंड कापतो. तिथे त्याला सगळे 'ठिणगी' म्हणतात.

"प्लाझ्मा?" तो चपापलाच. "अहो ताई, आम्ही त्याने पोलाद कापतो!"

"तो निराळा. वायू भयंकर तापला की अणूंमधले इलेक्ट्रॉन सुटे होतात, तो तुमचा. विजेत, सूर्यात तोच. एका हिरव्या खड्यालाही प्लाझ्मा म्हणतात. हा मात्र रक्तातला, नाजूक. असाच नर्सच्या हातात द्या."

तो धावतच निघाला. वॉर्डाच्या दारात मात्र थांबावं लागलं. नर्स आत गुंतली होती. दारातून त्याला बायको दिसली. ती कुडकुडत होती.

त्याने डब्यात हात घातला आणि दचकला. "हे असं गारढोण तिच्या अंगात घालणार?"

बाजूच्या टेबलावर चहासाठी किटलीत पाणी नुकतंच उकळलं होतं, शेजारी पातेलं होतं. जन्मभर आगीच्या जोरावर पोट भरलेला माणूस, त्याला दुसरं काय सुचणार? त्याने पातेल्यात ते पाणी ओतलं आणि मला आत धरलं. बोटं भाजली तरी सोडलं नाही. किती माया होती त्या हातात! आणि मी शिजत होतो. माझ्यातलं जे रक्त थांबवतं, ते अंड्यातल्या पांढऱ्यासारखं घट्ट होत गेलं. ओरडावंसं वाटत होतं, पण पिशवीला तोंड कुठलं?

नर्स बाहेर आली. मला उजेडात धरून पाहिलं. मी गढूळ झालो होतो.

"दादा, काय केलंत हे?"

"जरा ऊब दिली. तिला थंडी वाजतेय ना..."

ती रागावली नाही. "दुसरी पिशवी वितळायला वेळ लागेल," एवढंच म्हणाली, मला कचऱ्याच्या डब्यात टाकलं आणि फोनकडे पळाली.

दुसरी अजून आलेली नाही. वाईट वाटतं ते वाया गेल्याचं, आणि तेही दारापर्यंत पोचून. तो भिंतीला टेकून कधी आपल्या भाजलेल्या बोटांकडे, कधी माझ्याकडे बघतोय.

अरे बाबा, माझ्याकडे नको बघूस. दुसरी पिशवी किती कोमट पाण्यात वितळवायची, ते रक्तपेढीतल्या ताई पाहतील. तिला ऊबच द्यायची आहे ना? मग आत जा आणि तिचा हात धर.