काठी कशानं मोडली

आबेमामा बेटाच्या धक्क्यावर भरतीचं पाणी मोजायची खुणांची काठी वाचायची ती बाकोआनं. आणि कुठला आकडा कुणी वाचला, काठी कधी हलली, याचा माग काढायचा तो तारावा बेटावरच्या हवामान कचेरीतल्या त्याच्या पुतण्यानं, योतेबानं. नोंदींतली एक जागा मात्र काही केल्या उलगडत नव्हती. सहा वर्षांपूर्वी आकड्यांत समुद्र एका रात्रीत वीतभर चढला, तो उतरलाच नाही. परदेशी शास्त्रज्ञांनी बजावलं, कारण द्या, नाहीतर बेटाचे सगळे आकडे रद्द. मग समुद्र अडवायला बांध मागायचा कशाच्या जोरावर?

त्याच रात्री योतेबाचा बाप बुडाला होता. प्रेत सापडलं तेव्हा डोकं फुटलेलं होतं. खडकावर आपटला म्हणे!

योतेबा आबेमामाला आला तेव्हा बाकोआ माडावरून उतरत होता.

"काका, काठी कुणी हलवली?"

"वाऱ्यानं, पोरा."

"वारा पडलेला होता. तुझ्याच हातचं लिहिलंय."

बाकोआनं नजर चोरली. योतेबानं ठोसा हाणला. माडीची करवंटी फुटली, काकाचा दात वाळूत पडला. त्याच्याच कमरेची कोयती योतेबानं त्याच्या मानेला लावली.

"बोल, मेल्या!"

"माझी माडी चोरायचा तुझा बाप! त्या रात्री धक्क्यावर गाठला, उपसली काठी आणि घातली डोक्यात. मोडेपर्यंत घातली."

"आणि तीच थोटकी परत रोवलीस?"

खुणा वीतभर खाली आल्या, म्हणून पाणी वीतभर वर दिसलं. एवढंच होतं ते!

"पण वाचलीस कशाला? एक दिवस सोडला असतास, तर कुणी विचारलंही नसतं."

"सकाळची वेळ झाली होती रे," बाकोआ रडायला लागला. "नोंद कशी चुकवू?"

सख्ख्या भावाचा खून पचवला भडव्यानं, पण एक आकडा बुडवणं जिवावर आलं! योतेबानं कोयती दाबली. रक्त आलं.

"मार," काका खोकत म्हणाला. "पण किती मोडली, ते मी मेल्यावर कोण सांगणार?"

कोयती फिरली आणि अर्धा कान खाली पडला. बाकोआ गुरासारखा ओरडला.

"तुकडा कुठाय?"

"डुकरांच्या... दाराला..."

खोपटाच्या दाराचा अडसर. बाप गेल्यावर काकानंच योतेबाला पोसलं होतं, आणि डुकरांना खायला घालताना रोज तो अडसर योतेबाच काढायचा.

त्यानं तो काढला, मापला आणि कचेरीच्या कागदावर लिहिलं: त्या दिवसापासून प्रत्येक आकड्यातून एक वीत, दोन बोटं वजा करा. काठी मोडली. खाली कारणाचा रकाना होता. हाताचं रक्त कागदाला लागत होतं. त्यानं लिहिलं: माझ्या बापाचं डोकं.