खिडकीतली काळी चांदणी

मी खिडकीतली काळी चांदणी बोलतेय. जन्माने मी एक्स-रेची फिल्म. एका माणसाने गार पाटीला छाती टेकवली, आतून कुणीतरी "श्वास रोखा" म्हणालं आणि मी झाले. माझ्यावर बरगड्या उमटल्या आणि मधोमध, जरा उजवीकडे, नाण्याएवढा पांढरा डाग. मला त्याचं बरंवाईट काही वाटलं नाही. माझ्यातून फक्त उजेड जातो.

"डॉक्टरांना आजच दाखवा," असं तिथल्या बाईंनी बजावलं होतं. तो माणूस, म्हणजे या घरातले बाबा, "हो हो" म्हणाले, घरी आले आणि मला रद्दीच्या गठ्ठ्यात सरकवून मोकळे झाले. तिथे आजीच्या दम्याच्या वेळच्या जुन्या फिल्म होत्या. तीन आठवडे मी त्यांच्यात पडून होते.

मग सुट्ट्या आल्या. काका, आत्या मुक्कामाला येणार म्हणून बाबांच्या थोरल्या लेकीने, थोरलीने, फर्मान काढलं, "बाजारातून काही आणायचं नाही. सजावट घरातल्या टाकाऊ वस्तूंचीच!" दुधाच्या पिशव्यांची फुलं झाली, बाटल्यांच्या झाकणांची तोरणं. तिने मला ओढून काढलं. "आजीचे फोटो पुन्हा कामाला लागले!" नावाची पट्टी तिने न वाचताच कात्रीने उडवली. पाच टोकं कापली, कडेला चॉकलेटची चांदी चिकटवली, मागे बल्ब लावला.

संध्याकाळी बाबा खिडकीपाशी थबकले.

"कशी झालीय?"

"मस्त. उजेड छान पडतो."

पुढच्या चार संध्याकाळी ते माझ्यासमोर बसून चहा प्यायले. स्वतःच्याच छातीसमोर.

पाचव्या दिवशी आईने केर काढला तेव्हा कपाटाखालून पट्टी निघाली.

"अगं, यावर तर ह्यांचं नाव आहे. आणि तारीख गेल्या महिन्यातली."

थोरली माझ्याकडे बघत राहिली. मग बाबांकडे वळली. "तुम्ही लपवलंत?"

"सुट्ट्या होऊन जाऊ देत म्हटलं. सगळे येणारेत. कशाला उगाच विरस?"

"विरस? तुम्हा मोठ्यांना गप्प बसणं म्हणजे शहाणपण वाटतं! मी तुमच्या छातीला कात्री लावली, बाबा. आणि तुम्ही मस्त म्हणालात?"

"मस्तच झालीय गं," बाबा म्हणाले.

दुसऱ्याच दिवशी तिने त्यांना दवाखान्यात नेलं. मलाही नेलं, चांदीसकट. डॉक्टरांनी मला उजेडासमोर धरलं. कुणी हसलं नाही.

आता मी दवाखान्यातल्या फाइलमध्ये असते, बाबांच्या नव्या फिल्मच्या शेजारी. ती चौकोनी आहे, तिच्यावर नाव आहे आणि तिच्यातला डाग माझ्यातल्यापेक्षा मोठा आहे. घरी खिडकीत नुसता बल्ब लटकतोय म्हणे. पाहुणे येऊन गेले, तरी थोरली तो रोज लावते.

मोठ्या माणसांनो, घरच्यांपासून काही लपवायचंच असेल तर रद्दीत लपवू नका. जिथे काहीच फेकत नाहीत, तिथे ते सापडतंच. फक्त उशिरा.