दोन्ही कान दिसले पाहिजेत

परीक्षाकेंद्राच्या आवारात पडदे लावून केलेल्या आडोशाला मुलींची झडती घ्यायचं काम तपासणीवालीकडे होतं. यंदा एक नवा नियम आला होता. कानात यंत्र लपवून कोणी कॉपी करू नये म्हणून दोन्ही कान उघडे दिसले पाहिजेत. दिसले की प्रवेशपत्रावर शिक्का, मग खुशाल डोकं झाका. कर्मचाऱ्यांना मात्र तेवढीही मुभा नव्हती. तपासणीवाली घरून डोक्याला ओढणी गुंडाळून निघायची आणि चौकीदाराच्या खोलीत ती उतरवून पिशवीत कोंबायची. पाच वर्षं झाली, तरी उघड्या मानेला वारा लागला की तिला रोज नव्यानं मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

शेवटची मुलगी आत आली तेव्हा नऊ वाजून वीस मिनिटं झाली होती. साडेनऊला हॉलचं दार बंद होणार होतं.

"स्कार्फ सोड बाळा, कान दाखव."

"सुटत नाही, मावशी. अम्मीनं शिवलाय."

मागच्या वर्षी तिच्या स्कार्फच्या अकरा पिनांपायी धातू शोधणारं यंत्र कोकलत सुटलं होतं. पिना काढता-लावता रडवेली झालेली पोर कशीबशी पेपराला बसली आणि डॉक्टरकी चार गुणांनी हुकली. म्हणून यंदा आईनं शक्कल लढवली. सकाळी मुलीला समोर बसवून स्कार्फ आतल्या टोपीला आणि कुडत्याच्या गळ्याला अंगावरच शिवून टाकला. यंत्रानं चूं केलं नाही. कानांचा नियम त्या माउलीच्या गावीही नव्हता.

तपासणीवालीनं कापडावरून कान चाचपले. काही नव्हतं. तिनं पडद्याबाहेर डोकं काढलं. "साहेब, हात लावून बघितलं तर चालेल का?"

"दिसले पाहिजेत, बाई," पर्यवेक्षक म्हणाला. वर मान करायचे कष्टही त्यानं घेतले नाहीत.

"कापा, मावशी," मुलगी म्हणाली. "या खेपेला नाही झालं तर अब्बा इस्त्रीच्या दुकानात उभं करणार आहेत."

टेबलावर मुलींच्या कपड्यांची नियमात न बसणारी मोठी बटणं कापायची बोथट कात्री होती. तपासणीवालीनं ती हनुवटीखाली नेली आणि तिचा हात थबकला. कापड फाडलं तर या पोरीनं तीन तास त्या भरल्या हॉलमध्ये चिंध्या लोंबवत बसायचं? जे आपण रोज सोसतो ते हिच्या वाट्याला का? तिनं कात्रीचं टोक टाक्याखाली घातलं आणि एकेक टाका उसवायला घेतला. टाके बारीक, दोरा दुहेरी. आईनं जीव ओतला होता.

"फाडा ना!"

"दोन मिनिटं, बाळा. हलू नकोस."

"मावशी, फाडा!"

शेवटचा टाका सुटला. दोन्ही कान दिसले, लालबुंद, रिकामे. तिनं शिक्का मारला आणि मुलगी स्कार्फ सावरत धावत सुटली. हॉलचं दार तिच्या तोंडावर लागलं. तपासणीवाली मागोमाग धावली, हातापाया पडली.

"एक मिनिट काय नि एक तास काय," पर्यवेक्षक म्हणाला. "उशीर तुमच्याकडेच झाला ना? इतका वेळ काय करत होता आत?"



मुलीला एकटं जाऊ देववेना, म्हणून ती फाटकापर्यंत गेली. बाहेर बुरख्यातली आई उभी होती. लेकीला पाहताच तिला सगळं कळलं. तिनं कपाळ बडवून घेतलं.

"दुहेरी दोरा घातला गं मीच करंटीनं! एकेरी घातला असता तर पटकन तुटला असता."

मुलगी रडत नव्हती. तिनं आईचे हात धरले आणि तपासणीवालीकडे पाहिलं. तपासणीवालीला त्या आईशी एवढं एक वाक्य बोलायचं होतं, की चूक तुमची नव्हे, माझी. तिनं तोंड उघडलं.

"पुढच्या वर्षी पिनाच लावा," ती म्हणाली आणि आत वळली.